मिनियापोलिसला जायचं ठरलं तेव्हा

त्या वर्षी आम्ही चौघं चार गावांत राहत होतो. मी अमिरातीत खोर फक्कानला, बंदरात. कोणतं जहाज कोणत्या धक्क्याला, किती वाजता आणि किती क्रेनखाली लावायचं हे ठरवणं माझं काम. मुलगा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात इंजिनिअर, दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहणारा. बायको वर्षभरापासून पुण्यात, कारण तिच्या वडिलांचं उजवं अंग गेलं होतं आणि बघायला दुसरं कोणी नव्हतं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर इथला रेसिडेन्स व्हिसा रद्द होतो म्हणून ती पाच महिन्यांनी एकदा यायची, पंधरा दिवस राहायची, माझा फ्रीझर भरायची आणि जायची. मुलगी अमेरिकेत शिकली आणि मिनियापोलिसला नोकरीला लागली. तिचे कागद असे मधल्या अवस्थेत होते की देशाबाहेर पडली तर परत आत घेतील याची खात्री नाही. अडीच वर्षं ती घरी आली नव्हती.

म्हणून मी ठरवलं, आपणच जायचं. ऑगस्टमध्ये, सगळ्यांनी.

ग्रुपवर तसं लिहिलं. मुलाचा अंगठा आला. बायकोने ‘बघू’ लिहिलं. मुलीने दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘शुअर बाबा. बट इट्स नॉट अ टूरिस्टी सिटी.’

मी एक्सेल उघडलं. कामाची सवय. वर तारखा, डाव्या बाजूला चौघं, प्रत्येकाला एक रंग. नकाशा बघून बघून ते गाव मला पाठ झालं. गावाच्या पोटात तळी आहेत, एकाला लागून दुसरं. मिसिसिपी नदी तिथे अजून अरुंद असते. शाळेत भूगोलात ती नुसती लांबीसाठी पाठ केली होती, तिला लहानपण असेल असं कधी वाटलं नव्हतं. नदीकाठी पिठाच्या जुन्या गिरण्या आहेत. मी सोमवार सकाळ, सोमवार दुपार असं भरत गेलो. प्राणिसंग्रहालय टाकलं. एका संग्रहालयात मुलांना हाताळायला यंत्रं ठेवली आहेत असं वाचलं, तेही टाकलं. नावेची फेरी टाकली, पुढे ‘पुढची सीट’ असं लिहिलं, कारण पुढच्या सीटवरून दोघं भांडायची.

मुलीने ते बघून फोन केला. ती हसत होती, पण जपून.

“बाबा, आय अ‍ॅम ट्वेंटी फाइव्ह.”

“म्हणजे? प्राणी बघायला वयाची अट आहे का?”

“नो, नो. इट्स स्वीट. कीप इट.”

फोन ठेवल्यावर मी तो तक्ता पुन्हा पाहिला. त्यातली मुलं दहा आणि आठ वर्षांची होती. पंचवीस आणि तेवीस वर्षांच्या माणसांना काय आवडतं ते मला माहीत नव्हतं. मी त्या दोन ओळी रिकाम्या केल्या आणि बरेच दिवस तशाच ठेवल्या.

मग व्हिसाचे फॉर्म. मुलगा म्हणाला, मी माझा ऑनलाइन भरतो. मी म्हटलं, नको, एकत्र भरू, उत्तरं जुळायला हवीत. खरं म्हणजे मला तो यायला हवा होता. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तो डोंगरातल्या बोगद्यांच्या रस्त्याने दुपारी आला, येताना शवर्मा घेऊन. आम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. बाल्कनीतून बंदराच्या क्रेन दिसतात. त्याने एकदा तिकडे बघितलं आणि म्हणाला, “सेम व्ह्यू.”

तो फॉर्म फार चौकस असतो. आणि थोडा वेळ काही टाइप केलं नाही तर पान बंद होतं, म्हणून विचार करायलाही सवड नाही. मी टाइप करत होतो, तो सांगत होता.

“पत्ता?”

त्याने इमारतीचं नाव सांगितलं. मी दुसरंच लिहिलं होतं.

“तिकडून तू हललास?”

“सप्टेंबरमध्ये. आय टोल्ड आई.”

“गेल्या पाच वर्षांत कोणत्या देशांत गेलास?”

“इंडिया. जॉर्जिया. आर्मेनिया. जॉर्जिया अगेन.”

“कधी?”

“लास्ट ईद. अँड द वन बिफोर.”

दोन्ही ईदच्या सुट्ट्यांत त्याने मला कारखान्यात मशीनचं काम निघालंय म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या ईदला मी एकट्याने कॉर्निशवर, समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, चार फेऱ्या मारल्या होत्या. सगळीकडे कुटुंबं सतरंज्या टाकून बसलेली. एकाने मला हाक मारून चहा दिला, “हबीबी, बैठो,” म्हणाला, म्हणून ती संध्याकाळ लक्षात होती.

मी ‘जॉर्जिया’ टाइप केलं. स्पेलिंग चुकलं, परत केलं.

“बाबा, यू वुड हॅव सेड कम होम.”

“हो, म्हटलं असतं.”

“सो.”

पान बंद होईल म्हणून पुढच्या प्रश्नाकडे गेलो. पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची सगळी खाती लिहा. यावर त्याने लॅपटॉप स्वतःकडे फिरवला आणि स्वतः टाइप केलं. झाल्यावर माझ्याकडे सरकवला. मला हसू आलं, त्यालाही आलं. तो गेल्यावर मी त्यातलं एक नाव माझ्या फोनवर शोधलं. खातं बंद दाराचं होतं, फक्त गोल फोटो दिसत होता. बर्फात उभा राहून तो कुणाकडे तरी बघून हसत होता. बघायची परवानगी मागायचं बटण खाली होतं. मी ते दाबलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी आमचं गाडं अडलं ते ‘अमेरिकेत कुठे उतरणार’ या प्रश्नापाशी. मी मुलीला फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती.

“तुझा पत्ता सांग.”

“पुट द हॉटेल, बाबा. आय विल सेंड यू अ गुड वन.”

“हॉटेल कशाला? आम्ही खाली झोपू. सतरंजीवर झोपलेली माणसं आम्ही.”

“इट्स टू स्मॉल. प्लीज पुट द हॉटेल.”

“अगं, पण निदान पत्ता...”

मुलाने टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला. “डोन्ट पुश,” तो हळूच म्हणाला.

मी हॉटेल लिहिलं. मुलाला विचारलं, तुला काही माहीत आहे का. तो म्हणाला, तिचं तिला सांगू दे. चहा घेऊन तो निघाला, रात्री मित्रांबरोबर मॅच बघायची होती. त्याची गाडी वळेपर्यंत मी बाल्कनीत उभा होतो.

मी माझा अर्थ लावला. तिच्याबरोबर कोणीतरी राहत असणार. आमच्या पिढीच्या बापाला दुसरं सुचत नाही. पुढचे कित्येक आठवडे मी बंदरात जाता-येता गाडीत भाषणाची तयारी करत होतो. तो कोणत्या देशाचा आहे, कोणत्या धर्माचा, आम्हाला काही अडचण नाही, फक्त माणूस चांगला हवा. एकदा तर मी सिग्नलला मोठ्याने बोललो. बाजूच्या पिकअपमधला पठाण माझ्याकडे बघत होता.

एप्रिलमध्ये बायको आली. तिचा फॉर्म मी आधीच भरून ठेवला होता. तिने चष्मा लावून वाचला.

“व्यवसाय, होममेकर?”

“मग काय लिहू?”

“लिहा. फक्त कुठल्या होमची ते विचारलं तर तुम्हीच सांगा.”

ती चिडली नव्हती. पुण्यात सकाळ-संध्याकाळ बाप, इथे आल्यावर माझा फ्रीझर. तिच्या मनात आलं ते ती बोलली. मी भाषणाबद्दल तिला सांगितलं तेव्हा मात्र ती म्हणाली, “असं काही असतं तर तिने मला सांगितलं असतं.” मग थोड्या वेळाने, “असतं ना?”

दुबईला मुलाखत झाली. खिडकीमागच्या बाईने विचारलं, मिनियापोलिसच का, न्यूयॉर्क का नाही? माझ्याकडे तळी आणि गिरण्या तयार होत्या. मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, “माय सिस्टर इज देअर. द फोर ऑफ अस हॅवन्ट बीन इन वन रूम फॉर अ व्हाइल.” बाईने पासपोर्ट ठेवून घेतले. व्हिसा मिळाले.

एवढं झाल्यावर रजांचं गणित जमेना. मुलाला सहाच दिवस मिळाले. बायकोने बापासाठी दिवसरात्रीची बाई ठरवली, ती बाई ऐनवेळी दोन दिवस उशिरा येते म्हणाली, म्हणून बायकोचं निघणंही दोन दिवस पुढे गेलं. माझ्या तक्त्यात चार रंग फक्त चार दिवस एकाखाली एक आले. मी ते चार दिवस मोकळे सोडले, काहीच लिहिलं नाही.

आणि आम्ही गेलो. खोर फक्कानला घामाने चष्मा धूसर होतो त्या दिवसांत तिथे संध्याकाळी स्वेटर लागत होता. मुलगी विमानतळावर आली तेव्हा मी तिला पटकन ओळखलं नाही, केस अगदी बारीक कापले होते. तिने मला घट्ट धरलं. पहिले दोन दिवस आम्ही बाहेरच भेटलो. तळ्याभोवती चाललो, नदी बघितली. बायको आली त्या संध्याकाळी तिने मुलीच्या ताटलीतलं उरलेलं स्वतःच्या ताटलीत घेतलं, आणि मग म्हणाली, “तुझं घर बघू दे. मी त्यासाठी आलेय.”

मुलीने भावाकडे बघितलं. मग म्हणाली, “ओके. कम.”

माझं भाषण खिशात होतं. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. जमिनीवर गादी, एक घडीची खुर्ची, कोपऱ्यात उघडी सूटकेस, तिच्यातच कपड्यांच्या चळती. ओट्यावर कुकर, दोन ताटल्या. भिंतींवर काही नाही. दीड वर्षं ती तिथे राहत होती.

“तू काही घेतलं नाहीस?” बायकोने विचारलं.

“आय डोन्ट नो हाऊ लाँग दे विल लेट मी स्टे,” ती म्हणाली. “कशाला घ्यायचं.”

बायको गादीच्या कडेवर बसली आणि चादरीच्या सुरकुत्या काढू लागली. मला आमच्या फ्लॅटच्या भिंती आठवल्या. अठरा वर्षं झाली, आम्ही एक खिळा ठोकलेला नाही. मुलगी बारा वर्षांची असताना तिला पुस्तकांसाठी भिंतीवर फळी हवी होती. जाताना काढावी लागेल, मग मालक डिपॉझिट कापेल, असं सांगून मी तिला खोकं दिलं होतं. हे तिला आठवत होतं की नाही मी विचारलं नाही. मी म्हटलं, उद्या आपण एक टेबल आणू, मी आणि हा जोडून देतो. ती म्हणाली, “नको बाबा.” मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा नाही म्हटलं. ते अजून मनात राहिलंय. आणायला हवं होतं.

चार दिवसांनी मुलगा गेला, मग बायको. शेवटचे दोन दिवस मी आणि मुलगीच उरलो, त्यातही ती दिवसभर ऑफिसला. मी हॉटेलजवळच्या बाकावर बसून ती सुटायची वाट बघायचो. शेवटच्या संध्याकाळी आम्ही पुलावर उभे होतो. ती मराठीत बोलली.

“बाबा, तुला तिथे एकटं वाटतं का?”

“सवय झाली.”

“मला पण,” ती म्हणाली.

खाली नदी होती, पलीकडून सायकलवाले जात होते. मी तिचं जॅकेट नीट केलं, ते आधीच नीट होतं. मग तिने घड्याळ बघितलं, उद्या सकाळी तिची मीटिंग होती आणि माझं विमान, आणि आम्ही परत चालायला लागलो.