वाचनालय गड्ड्यावर गेले आहे

"आधी गुडघे दाखव."

पोरानं वाचनालयात पाऊल टाकलं की बाईंचं पहिलं वाक्य हेच. नाव नंतर, इयत्ता त्याच्याही नंतर. पोरं चड्डी, फ्रॉक, पायजमा, जे असेल ते वर करून उभी राहायची. बाई चष्मा कपाळावर चढवून वाकायच्या, गुडघे नीट बघायच्या आणि कपाटाकडे वळायच्या.

गुडघे फुटलेले असले तर, "हा एका जागी बसणारा न्हाय. ह्याला दुसऱ्याच पानावर वाघ पायजे." गुडघे स्वच्छ असले तर, "ही घरातनं बाहेर पडत न्हाय. हिला जंगलात पाठवू." आणि तसं पुस्तक हातात.

शुक्रवार पेठेतल्या त्या वाचनालयात मी झाडलोट करायचे. मुलांची खोली बाईंच्या ताब्यात होती. गुडघे बघण्यात शास्त्र काय, असं तुम्ही विचाराल. काहीही नाही. मी तसं त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "शास्त्र नसू दे मावशी, पुस्तक कसं परत येतंय ते बघा." परत यायचं ते कोपरे दुमडलेलं, भाजीचे डाग पडलेलं, म्हणजे वाचलेलं.

आयांशी मात्र त्यांचं जमायचं नाही. एक आई दुसरीतल्या पोराला घेऊन आली. पोराच्या नाकाला धार लागलेली. आई म्हणाली, "मॅडम, काहीतरी नॉलेजचं द्या. ह्याला कलेक्टर करायचंय."

"देते की," बाई म्हणाल्या. "पण ते तुमी वाचा. तवर हा भुताचं वाचंल."

नवीन पुस्तकं आली की बाई ती आधी मला द्यायच्या. मी चौथी शिकलेले, म्हणजे माझं डोकं त्यांना अगदी मापाचं वाटायचं. "वाचा, आणि जिथं जांभई येईल तिथं खराट्याची काडी ठेवा." दहा पानांच्या आत काडी पडली की पुस्तक सगळ्यात वरच्या फळीवर जायचं. एकदा कार्यकारिणीतल्या एका सभासदानं विचारलं, "वरची एवढी देखणी पुस्तकं मुलांना का देत नाही?" बाई म्हणाल्या, "मावशीला विचारा." मी सांगितलं, झोप येते. त्यातलं एक त्याच्या मेहुण्यानं लिहिलेलं निघालं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी तेच बोलले असते.

पुस्तकाबरोबर बाई एक चिठ्ठी द्यायच्या. रोज दोन पानं, जेवणानंतर, मोठ्यानं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवून. अक्षर असं, की मुंगी शाईत पडून कागदावरनं पळाली. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका घरातली आई आपल्या आठ वर्षांच्या पोरीला घेऊन आली होती. घरात सगळे तेलुगू बोलायचे, पोरीला मराठी वाचताना अडखळायला व्हायचं. बाईंनी पुस्तक दिलं, चिठ्ठी दिली. आठवड्यानं आई परत आली.

"मॅडम, पोरगी लई जेवायली. पण वाचंना."

चौकशी केली तेव्हा कळलं की पुस्तक पिशवीत तसंच होतं आणि चिठ्ठी थेट मेडिकलच्या दुकानात गेली होती. दुकानदारालाही अक्षर लागलं नाही. त्यानं फक्त पोरीचं वय विचारलं आणि टॉनिकची बाटली दिली. जेवणानंतर दोन चमचे.

बाई हसत हसत खुर्चीवरून घसरल्या आणि फरशीवरच बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "टॉनिक चालू ठेवा. पुस्तक आजपासून सुरू करा."

बाई चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या डब्यातली शेंगाचटणी न विचारता खायच्या. छत्री, किल्ल्या, तारखा, सगळं विसरायच्या. आणि त्या विसरण्यापायी एकदा अख्खी खोलीच हातची जायची वेळ आली.

अध्यक्षांना मुलांची खोली अभ्यासिकेसाठी हवी होती. स्पर्धा परीक्षेची पोरं बसायला जागा मागत होती, आणि अध्यक्षांचं म्हणणं, लहान मुलं आता मोबाइल बघतात, वाचनालयात येतंच कोण? बाई तडकल्या. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "येत्या रविवारी संध्याकाळी आम्ही येतो. पंचवीस मुलं वाचताना दिसली तर खोली तुमची. नाहीतर सोमवारी टेबलं येतील."

"पंचवीस? पन्नास दाखवते," बाई म्हणाल्या.

आता तो रविवार गड्ड्याचा होता. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेची ही जत्रा भरली की सोलापुरात एक पोर घरात सापडत नाही. जन्म सोलापुरात काढून गड्डा विसरलेली बाई मी पहिल्यांदाच बघितली. अध्यक्षही विसरले होते, म्हणजे शहाणं कुणीच नव्हतं.

रविवारी पाच वाजता खोलीत एकच पोरगी होती. तिला ताप होता म्हणून आईनं गड्ड्यावर नेली नव्हती, आणि थोड्या वेळानं तीही झोपली. बाई दाराकडे बघत बसल्या. कधी गप्प न बसणारी बाई गप्प बसली की माणसाला चीड येते.

मी म्हणाले, "पोरं तिकडं, आन् तुमी हितं. उठा की."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि ताडकन उठल्या. पोरीला आईच्या हवाली केलं. कपाटातली पुस्तकं दोन चादरींत भरून आम्ही गाठोडी बांधली. वरच्या फळीला हातसुद्धा लावला नाही. बाहेरच्या फळ्यावर बाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं: वाचनालय गड्ड्यावर गेले आहे. पाळण्याच्या रांगेत भेटा. ते अक्षर पहिल्यांदाच कुणालाही वाचता आलं असतं.

मोठ्या पाळण्याची रांग केवढी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. पोरं कंटाळून एकमेकांना ढकलत होती. बाई रांगेच्या एका टोकाकडून सुरू झाल्या. "दाखव गुडघे. हं, तू हे घे. तू बी दाखव, लाजू नको." मी मागनं गाठोडं ओढत होते. अर्ध्या तासात रांग धुळीत बसली. पाळणेवाला वरून ओरडायला लागला, "ओ बाई! माझं गिऱ्हाईक जागचं हलंना की! पाळणा रिकामा फिरायलाय!"

मोडनिंबची पोरं, सांगोल्याची पोरं, कुठकुठली पोरं. कुणाचं नाव नोंदवलेलं नाही. मी म्हणाले, पुस्तकं जातील. बाई म्हणाल्या, "जाऊ द्या की. घरीच जातील."

तेवढ्यात फळा वाचून अध्यक्ष आले. पांढरेशुभ्र कपडे, मागे दोन सभासद, चेहरा तापलेला.

"ही काय पद्धत झाली? अट खोलीतल्या मुलांची होती!"

"खोली आणली असती," बाई म्हणाल्या, "पण रिक्षात बसंना."

एक सभासद हसला. अध्यक्षांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो खोकायला लागला. मग अध्यक्षांनी बोट पुढे करून मोजायला सुरुवात केली. एकोणिसाव्या डोक्याशी बोट थांबलं. ती त्यांचीच नात होती. आईबरोबर पाळण्यात बसायला आलेली, मांडी घालून धुळीत बसलेली.

"चल, उठ. तुझा नंबर आलाय," अध्यक्ष म्हणाले.

"आजोबा, थांबा ना. दोनच पानं राहिलीत."

"उठतेस का?"

"हा शब्द काय आहे ते सांगा, मग उठते."

अध्यक्ष वाकले. चष्मा खिशात होता, तो काढला. उभ्यानं दिसेना म्हणून उकिडवे बसले. शब्द सांगितला, पुढचं वाक्य वाचलं, मग त्याच्या पुढचं. शेजारची पाच-सहा पोरं सरकून जवळ आली. बाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट पिरगाळत होत्या.

गोष्ट संपली. अध्यक्ष धूळ झटकत उठले आणि सभासदांना म्हणाले, "टेबलं आपल्या बैठकीच्या खोलीत लावा."

"मग आपला चहा?"

"व्हरांड्यात."

अकरा पुस्तकं परत आली नाहीत. आणखी दोन-तीन एसटीच्या कंडक्टरांच्या हातून आली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. सत्काराला शाल आणली होती, त्या यायचंच विसरल्या. आता हुबळीला लेकीकडे असतात, फोन करत नाहीत. मुलांची खोली आहे तशीच आहे. मी रडले वगैरे नाही. पण आठवतात त्या त्याच संध्याकाळच्या.

अध्यक्ष निघून गेल्यावर बाईंनी मला ओढत पाळण्यात बसवलं. पाळणेवाल्यानं रागानं की खुशीनं, आम्हाला अगदी वर नेऊन थांबवलं. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. बाई उठून उभ्या राहिल्या, पाळणा हलला, मी शिवी दिली.

"मावशी, खाली बघा की!"

एक डोळा उघडला. खाली दिवे लागले होते, आणि दिव्यांखाली सगळी रांग माना खाली घालून बसलेली. बाईंनी हात हलवले, टाळ्या वाजवल्या, ओरडल्या. खालनं एकही मान वर झाली नाही.

"बघा, बघा," बाई आनंदानं नाचत होत्या, "कुणी बी माझ्याकडं बघंना!"