पडदा काळाच

एकुवा बेंट्सिल मेलेल्या माणसांच्या पुस्तिका करते. अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक पडते. वर फोटो, आत जीवनकथा, मुलांचे निरोप, भजनं, शेवटी आभार. घानातल्या आमच्या सेकोंडीत पुस्तिकेशिवाय माणूस पुरला तर लोक जेवून जातात आणि पुढं वर्षभर बोलतात.

तिची खोली आणि माझी खोली एकाच अंगणात. मी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होतो. बोल्ट हातानं फिरवून 'बसला' म्हणणारे तिथं पुष्कळ पाहिले, पाना लावून बघणारे थोडे. एकुवा त्या थोड्यांतली. लोक तिला हॉस्पिटलच्या खाटेवरचे फोटो आणून देतात. ती नाकातली नळी काढते, उशी काढते, पण गालाचे खड्डे भरत नाही. "आईला लेकरांनी ओळखलं पाहिजे ना," म्हणते. एका चेहऱ्यावर अर्धा दिवस घालवते. कुणाला कळतही नाही.

तिचा जुना कंप्युटर समुद्राच्या खाऱ्या हवेनं खाल्ला. दुकानातला तयार घेणं तिला झेपणारं नव्हतं. म्हणून ती एकेक भाग जमवत गेली. पत्र्याची पेटी सगळ्यात आधी आली. आँटी फिलोमिना, म्हणजे एकुवाच्या आईची थोरली बहीण, जिनं तिला वाढवलं, तिनं त्या पेटीवर फुलदाणी ठेवली. बाकी सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड युरोपातून आलेला, कुणाच्या तरी घरात वापरलेला. मेमरीच्या दोन पट्ट्या मात्र कोऱ्या होत्या. सगळं आलं तेव्हा आँटीनं टेबलावर चादर अंथरून ते मांडलं. एकुवा कामावरून येईपर्यंत ती त्याच्याजवळ बसून होती.

बुधवारी एकुवानं जोडणी केली. जुन्या कंप्युटरची डिस्क नव्यात घातली. त्या डिस्कवर एफुवा मनसाची अख्खी पुस्तिका तयार होती. एफुवा मनसा जन्मभर मासे धुरावून विकणारी बाई, शनिवारी पुरायची होती. शेवटचे दोन निरोप घालायचे आणि छापखान्यात पाठवायचं, एवढंच राहिलं होतं. छापखानेवाल्यानं सांगून ठेवलं होतं, "गुरुवारी दुपारपर्यंत आलं तर घेतो. नंतर मशीन दुसऱ्या कामाला लागलं."

गुरुवारी सकाळी तिनं बटण दाबलं. पेटीतला पंखा फिरला, दिवा लागला. स्क्रीन काळाच. मधे एक छोटी चौकट इकडून तिकडं भटकत होती: सिग्नल नाही.

तेवढ्यात मनसाचे धाकटे भाऊ नाना ओटू अंगणात आले. घराण्याचे प्रमुख तेच. अंगावर लाल-काळं सुतकाचं कापड. बदामाच्या झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले आणि काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"झालं का, पोरी?"

"होतंय, नाना."

"होतंय म्हणजे? काल झालं म्हणालीस."

"पुस्तिका झाली आहे. मशीन सुरू व्हायचं आहे."

"म्हणजे भात शिजलाय, चूल पेटायची आहे." नानांनी काठी आपटली. "ब्लेचं दुकान उघडं आहे. बहिणीसाठी मला तुझ्या दारात बसायची हौस नाही. झाडाची सावली त्या पाण्याच्या पिंपाला लागली की मी उठणार."

सावली पिंपापासून हातभर लांब होती.

ब्ले हा रस्त्यापलीकडचा. त्याच्याकडं माणसाच्या मागं ढग आणि कबुतरं छापून मिळतात. डिस्क त्याच्याकडं नेली असती तर पुस्तिका वेळेत झाली असती. पण नाना ओटूंचं घराणं म्हणजे अर्धा मासेबाजार. ते एकदा ब्लेकडं गेले की बाकीचेही तिकडंच जाणार. एकुवाला हे माहीत होतं. मलाही. म्हणून मी आत जाऊन बॅटरी धरली आणि ब्लेचं नाव काढलं नाही.

तिनं घाई केली नाही. आधी स्क्रीन तपासला. आमच्या टीव्हीचा डबा आणून तीच केबल त्याला लावली. स्क्रीनवर स्वयंपाकाचा कार्यक्रम आला.

"स्क्रीन चांगला, केबल चांगली," ती म्हणाली. "चूक पेटीत आहे."

मग वीज बंद करून तिनं पेटी आडवी केली. प्रोसेसरजवळचा विजेचा प्लग काढून परत दाबला. बोर्डाखाली एखादा जास्तीचा स्क्रू राहून पत्र्याला टेकतोय का, हे बघायला सगळा बोर्ड बाहेर काढला आणि पुठ्ठ्यावर ठेवला. नुसता बोर्ड, प्रोसेसर, मेमरी आणि वीज. काळाच.

बाहेर आँटीनं मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. "सैताना, या यंत्रातून बाहेर हो! बाहेर हो म्हणते!"

"आँटी, थोडं हळू," एकुवा म्हणाली. "मला ऐकायचं आहे."

"देवालाही ऐकायचं आहे!"

"देवाचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

नाना हसले नाहीत. सावली सरकली होती.

जुन्या पेटीत बोटाच्या पेराएवढा भोंगा होता; बिघाड कुठं आहे ते तो शिट्टीनं सांगतो. एकुवानं तो सोडवून नव्या बोर्डाला लावला. बटण दाबलं. लांब शिट्टी झाली, थांबली, पुन्हा लांब शिट्टी.

"मेमरी," ती म्हणाली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

पट्ट्या काढून तिनं परत बसवल्या. कडेचे खटके वाजेपर्यंत दाबल्या. तीच शिट्टी. एकच पट्टी ठेवून पाहिली, मग दुसरी. तीच शिट्टी. मग तिनं दोन्ही काढल्या आणि रिकाम्या बोर्डाला वीज दिली. तरी तीच.

तिनं दोन्ही पट्ट्या पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"वोफा," मला सगळं अंगण वोफा म्हणतं, मामाला म्हणतात तसं, "पट्टी घातली काय, काढली काय, याला सारखंच. पट्टी आत आहे हे त्याला कळतच नाही. दोन्ही नव्या पट्ट्या एकदम मेल्या असतील का?"

"मला वाटत नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही. मधे काहीतरी आहे."

तिनं पट्टी उचलून बॅटरीच्या उजेडात तिरकी धरली. खालच्या कडेला सोनेरी दात असतात, तेच खाचेत टेकतात. त्यांच्यावर धूळ चिकटली होती. कोऱ्या पट्टीवर. तिनं ती नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"आँटी, जरा आत ये."

आँटी दारात आली. एकुवानं आवाज खाली आणला, नानांना ऐकू जाऊ नये इतका.

"तेल लावलंस?"

आँटीनं पदरासारखं खांद्यावरचं कापड ओढून घेतलं. "चर्चमधून आणलेलं होतं. पास्टरनं हात ठेवून दिलेलं."

"ते विचारत नाही मी. कुठं लावलंस?"

"पेटीला. त्या चौकोनी फळीला नाही, तिच्यावर काटे होते, मला भीती वाटली. या दोन पट्ट्यांना."

"पट्टीला कुठं?"

"सोन्याला," आँटी म्हणाली. "राजाच्या कपाळाला लावतात. मला वाटलं, याचं कपाळ तेच."

मला हसू आलं असतं, पण एकुवाचा चेहरा पाहिला आणि नाही आलं. ती रागावली होती. रागावायला वेळ नव्हता, हे तिला त्याहून जास्त कळत होतं.

"दोन्ही बाजूंनी?"

"एका बाजूनं केलेला आशीर्वाद अर्धा असतो."

"बरं. आता स्पिरिट पाहिजे. औषधाचं दुकान त्या टोकाला आहे, जाऊन येईपर्यंत सावली पिंपाच्या पलीकडं जाईल." ती माझ्याकडं वळली. "वोफा, तुमच्या पलंगाखालची बाटली."

"कसली बाटली?" मी म्हणालो.

"कोबिना," आँटीनं मला नावानं हाक मारली, "त्या बाटलीविरुद्ध मी वर्षानुवर्षं प्रार्थना करते आहे. कुठं आहे ते मला सांगू नकोस." आणि माझ्या खोलीकडं स्वतःच चालू लागली.

ती परत आली तेव्हा बाटली कापडाखाली धरलेली होती. आमची ताडीची दारू, पहिल्या धारेची. एकुवानं सुती चिंधी तिच्यात भिजवून सोनेरी दात पुसले. चिंधी पिवळी झाली. दुसरी घेतली. तिसरी चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसत राहिली. बाहेर काठी एकदा आपटली.

"पुरे झालं, घाल आता," मी म्हणालो.

"ओली घालू? मग दोन्ही जातील."

बरोबर होतं. मीच घाई केली. तिनं पट्ट्या पंख्यापुढं धरल्या आणि त्यांच्याकडं बघत उभी राहिली. आँटी तिच्यामागं, बाटली घेऊन. वीज जाऊ नये म्हणून तेवढा वेळ मी दिव्याकडं बघत होतो. आमच्याकडं ती विचारून जात नाही.

आधीच्या खाचांत तेल उतरलं असणार. शेजारच्या दोन खाचा कोऱ्या होत्या. पट्ट्या तिनं त्यांत बसवल्या. खटके वाजले. डिस्क परत जोडली. बटण दाबलं.

एक आखूड शिट्टी. एकच. मग स्क्रीनवर पांढरी अक्षरं, मग निळा उजेड.

आँटीनं तोंडावर हात ठेवला.

एकुवा खुर्चीत बसली आणि थेट कामाला लागली. पेटी बंद करायलाही थांबली नाही. बोर्ड पुठ्ठ्यावरच होता. निरोप घातले, एका नातवाचं नाव चुकलेलं नीट केलं आणि पुस्तिका छापखान्यात पाठवली. तिकडून 'मिळाली' असा फोन येईपर्यंत तिनं पाणी घेतलं नाही.

नाना ओटू दारात येऊन उभे राहिले. सावली पिंपावर चढली होती. ते उठले होते, पण फाटकाकडं गेले नव्हते. स्क्रीनवर त्यांची बहीण होती, गालात खड्डे असलेली. ते बराच वेळ बघत राहिले.

"हीच ती," ते म्हणाले. "काय बिघडलं होतं?"

"मेमरी नीट लागली नव्हती," एकुवा म्हणाली. "जोडणी माझी होती. चूक माझी."

मला हे पटलं नाही. काम चोख करणाऱ्यानं दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेऊ नये. पण बोलायची जागा माझी नव्हती.

"असं नवं यंत्र सुरू करायच्या आधी," नाना म्हणाले, "त्याला आशीर्वादाचं तेल लावून घ्यावं."

एकुवा स्क्रीनकडं वळली.

"लावलं होतं, नाना," आँटी म्हणाली. "मी लावलं. लावायचं नव्हतं तिथं लावलं. पोरीची चूक नाही."

नानांनी तिच्याकडं पाहिलं. मग हवेत नाक वर केलं. "आणि हा वास?"

"औषध," आँटी म्हणाली, आणि बाटली माझ्या हातात दिली.

शनिवारी सगळ्यांच्या हातात पुस्तिका होत्या. नानांनी आपली उघडली नाही, मुखपृष्ठ वर धरून बसले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या चुलतभावाकडचे लोक पुस्तिका करून घ्यायला एकुवाकडं आले.

आँटी अजूनही तेल लावते. रविवारी चर्चमधून आल्यावर, पेटीच्या झाकणाला, बाहेरून. एकुवा ते पुसत नाही. पण झाकणाचे स्क्रू तिनं पान्यानं आवळलेले आहेत, मी फिरवून पाहिले.