फ्लॉपीला हळदकुंकू

आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. कॉम्प्युटरच्या सी भाषेचा हा कट्टर भक्त स्वतःच्याच भक्तीत कसा बुडाला, ते सांगतोय.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. नौपाड्यात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस, त्यात एकच कॉम्प्युटर. चपला बाहेर काढून आत जायचं, इतका त्याचा मान! मी नुकताच सी शिकून आलेलो, म्हणजे जमिनीवर पाय कशाला ठेवतोय? सी म्हणजे घरचं लोणचं, डीबेस हे तयार सॉफ्टवेअर म्हणजे बाटलीतलं, असं येताजाता ऐकवायचो. तेही कुणाला? डीबेसमध्ये काम करणाऱ्या पाटणकर मॅडमना. त्या नुसत्या हसायच्या.

विठ्ठलवाडीच्या एका कारखानदाराला दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिलं बिल कॉम्प्युटरवर काढायचं होतं. प्रोग्राम माझा, अर्थात सीमध्ये. फसला तर साहेब माझ्या हातात नारळ देणार, हे ठरलेलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. ऑफिसात शस्त्रपूजा. माझं शस्त्र कोणतं? फ्लॉपी! पाकिटातून काढली, आणि मधल्या फटीत ती प्रोग्राम साठवायची तपकिरी चकती उघडी दिसते ना, नेमकं तिथेच बोटाने हळदकुंकू लावलं. वर अक्षता. म्हणाल, दुसरी कॉपी नव्हती का? होती की! तिलाही लावलं. देवापुढे पंक्तिप्रपंच कशाला?

मॅडमनी स्वतःची फ्लॉपी पर्समधून काढलीच नाही. लांबूनच नमस्कार केला.

दसऱ्याला कारखान्यात मालक, त्यांची आई, कामगार, सगळे हात जोडून उभे. मी फ्लॉपी सरकवली. आतून खरवडल्यासारखा आवाज आला, पडद्यावर ढिम्म काही नाही. दुसरी घातली. तिने तर आवाजही केला नाही. मुहूर्त टळायला आला, मालकांच्या आई माझ्याकडे बघेनात, आणि माझी बोटं कुंकवाने लाल.

तेवढ्यात माझ्याबरोबर आलेल्या मॅडमनी खुर्ची ओढली, शेजारच्या ड्राइव्हमध्ये आपली फ्लॉपी घातली आणि टाइप करायला लागल्या. मालकांचा चहा निवतोय न निवतोय, तोवर प्रिंटरमधून बिल खरखरत बाहेर! अहो, त्या बिलापायी माझा अख्खा पावसाळा गेलेला. मी आ वासून बघत राहिलो. नोकरी वाचली, हेसुद्धा सुचलं नाही. इतकं देखणं काम मी आजवर पुन्हा पाहिलेलं नाही.

मग तिथेच, सगळ्यांसमोर, मी धीर करून विचारलं, "मॅडम, मला डीबेस शिकवाल?"

"शिकवते की," त्या म्हणाल्या. "आधी हात धुऊन या."