परसातल्या मुंग्या

माझे वडील त्र्यंबक, आम्हा मुलांचे नाना, ठाण्याच्या कचेरीत कारकून होते आणि घरात काळजीचे मुखत्यार. पौषातही छत्री घेऊन बाहेर पडत. कडी लावून गल्लीच्या टोकाला गेले की परत येऊन ती ओढून पाहत. चुलीवरचं दूध नुसतं थरथरलं तरी "गेलं, गेलं!" म्हणून ओरडत. मग आई म्हणे, "तुमच्या ओरडण्याला भिऊनच ते खाली बसतं हो." आई, म्हणजे सुमती, जात्याच हसरी. नाना काळजी करत आणि आई ती हसण्यावारी नेई, असा त्यांचा संसार छान चालला होता. मीही नानांच्या पुष्कळ काळज्यांना हसले आहे. ही एक काळजी मात्र वेगळी होती.

तेव्हा मी जन्मले नव्हते. माझा थोरला भाऊ हरिहर दोन वर्षांचा होता आणि नानांची आई वारून वर्ष झालं होतं. आश्विन लागला होता, परसातली जमीन कुठे कुठे सुकू लागली होती. सकाळी उठलं की हरीला तुळशीमागच्या भिंतीपाशी बसवायचं, हा नित्याचा पाठ. एकदा आंघोळीनंतर नाना तिथून येत होते. हरीने जिथे ओलं केलं होतं, तिथे त्यांना मुंग्या दिसल्या. एक-दोन नव्हेत, भिंतीच्या फटीतून थेट त्या जागेपर्यंत काळी रांग लागली होती.

नाना उभ्या जागी गार झाले. त्यांनी असल्या मुंग्या आधी एकदा पाहिल्या होत्या.

त्यांना दगडू नावाचा धाकटा भाऊ होता. दोघांच्या मधली मुलं जगली नाहीत म्हणून माझ्या आजीने मुद्दाम ते नाव ठेवलेलं. असल्या नावाच्या पोराचा काळाला मोह होत नाही, अशी समजूत. तो चार वर्षांचा असताना त्याला तहान लागू लागली. घागरीतलं पाणी पुरेना, गोठ्यातल्या गुरांच्या डोणीतलंही पिऊ लागला. सारखा लघवीला जाई, खाऊन खाऊन वाळत जाई, आणि तो उठला की त्या जागी मुंग्या जमत. वैद्याने त्या मुंग्या पाहिल्या, मधुमेह म्हणाला आणि पुडी न देताच उठून गेला. दिवाळीच्या आत दगडू गेला. त्याच्यामागे घरात कुणी त्याचं नाव घेतलं नाही. नानांनी तर आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

आता हरीकडे ते निराळ्याच नजरेने पाहू लागले. पोर सकाळ-संध्याकाळ आईच्या पदराला धरून "पाणी, पाणी" करतं. बरगड्या दिसायला लागल्या आहेत. रात्री दुपटं ओलं, पहाटे दुसरं ओलं. सगळं जुळत होतं. आईला सांगावं तर तिच्या तोंडचं हसू जाईल, म्हणून गप्प. रोज कचेरीला निघण्याआधी मात्र भिंतीपाशी जाऊन मुंग्या पाहत उभे राहत. आईने विचारलं, "काय हो, काय पाहता तिथे?" "काही नाही, भिंतीला चीर पडलीय," म्हणाले.

मग त्यांनी एक परीक्षा घेतली. जागा बदलून पाहावी. परसात सुकी जमीन दुसरीकडे पपईखालीच होती. "तुळशीमागे नको, चांगलं दिसत नाही," असं सांगून ते हरीला पपईखाली बसवू लागले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो तुळशीमागची रांग नाहीशी झालेली आणि पपईखाली मुंग्याच मुंग्या. पोर जाईल तिथे त्या जात होत्या. त्या दिवशी नाना न जेवता कचेरीत गेले. माझा हा भित्रा बाप एवढं ओझं एकटा कसा वाहत होता, ते मनात आलं की मला अजून भरून येतं.

कल्याणला पारनाक्यावर एक म्हातारे वैद्य होते. ठाण्याच्या वैद्याकडे गेलं तर गल्लीभर होईल, म्हणून "सरकारी काम आहे" असं खोटं सांगून नाना सकाळच्या आगगाडीने तिकडे गेले. वैद्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मूल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"घरी आहे. त्याच्या आईला ठाऊक नाही."

"अहो, मग दिवसभर पोर किती पाणी पितं, किती खातं, हे मला कोण सांगणार? तुम्ही? तुम्ही तर कचेरीत असता. आई आणि मूल दोघांना घेऊन या. तोवर माझ्याकडून एक अक्षर ऐकायला मिळायचं नाही."

परतीच्या वाटेवर आईला कसं सांगायचं, याचीच जुळवाजुळव करत नाना भर दुपारी घरी पोचले. पुढचं दार आतून लावलेलं, म्हणून बोळातून परसात शिरले. बघतात तो आई पपईखाली उकिडवी बसलेली. मुठीत साखर. ती चिमटीने जमिनीवर भुरभुरवते आहे आणि ओठांत काही पुटपुटते आहे. शेजारी हरी, आजोळहून मिळालेलं चांदीचं फुलपात्र घेऊन. त्यातलं पाणी त्याने पपईला घातलं, फुलपात्र आईपुढे केलं आणि म्हणाला, "पाणी!" आईने भरून दिलं. एक घोट पोटात, थोडं छातीवर, बाकी पपईला. पुन्हा "पाणी!"

"अगं, हे काय करतेस?" नानांचा आवाज फाटला.

आई दचकून उठली. "तुम्ही इतक्यात कसे? चातुर्मासाचा नेम आहे हो माझा, मुंग्यांना साखर घालायचा. बोलून दाखवायचा नसतो, म्हणून सांगितलं नाही. आधी तुळशीमागे घालत होते, पण तुम्ही रोज तिथे उभे. म्हटलं, हे रागावणार, म्हणून इकडे घालायला लागले."

नाना तिथेच पायरीवर बसले. मग त्यांच्या तोंडून दगडू बाहेर पडला, इतक्या वर्षांचा सगळा, गुरांच्या डोणीसकट. आई शेवटी डोळे पुसत म्हणाली, "मला ठाऊक आहे. सासूबाईंनी जाताना सांगितलं होतं. म्हणाल्या, सुमती, मुंग्या या घरी माझ्या लेकरासाठी आल्या होत्या. तू त्यांना दरसाल अंगणात पोटभर घाल, म्हणजे हरीपर्यंत यायच्या नाहीत."

एकाच भीतीपायी दोघं एकमेकांपासून लपून बसली होती. पण भीती अजून गेली नव्हती. मुंग्या साखरेवर आल्या हे खरं, पण नुसत्या साखरेवरच आल्या कशावरून? नेम तर मोडता येत नव्हता. तेव्हा आई उद्याची साखर कौपीनेश्वराच्या देवळामागे घालून येईल असं ठरलं. नानांनी विहिरीचं पाणी शेंदून शेंदून सगळं परस धुऊन काढलं.

सकाळी हरीला पपईखाली बसवलं. तर त्या दिवशी पठ्ठ्या बसायलाच तयार नाही! एरवी भलत्या वेळी ओलं करणारा, आज उठून कावळ्यामागे धावतो. फुलपात्र भरून दिलं, ते त्याने नानांच्या धोतरावर ओतलं. नाना अगदी काकुळतीला आले. "हरी, बाळा, एवढं माझं ऐक रे." शेवटी केव्हातरी त्याची मर्जी झाली.

दोघं त्या ओल्या जागेवर वाकून बसली. ऊन वर आलं. पपईच्या बुंध्यावरून एक मुंगी उतरली. आईने नानांचा हात घट्ट धरला. मुंगी ओल्या मातीपर्यंत आली, काठावर थांबली, मिशा हलवल्या, आणि वळसा घालून आपल्या वाटेने निघून गेली. मागून आणखी दोन आल्या, त्यांनीही तेच केलं. जमीन सुकत गेली तरी तिथे एकसुद्धा मुंगी जमली नाही.

आई रडायला लागली. भिंतीवरून शेजारच्या रखमाबाईंनी डोकं वर काढलं. "काय गं सुमती, काय झालं? हे दोघं मिळून काय बघताय?"

आमच्या घरात बापाने चारचौघांत स्वतःच्या पोराला उचलून घ्यायची रीत नव्हती. नानांनी तोवर हरीला दिवसाउजेडी कधी कडेवर घेतलं नव्हतं. रखमाबाईंच्या डोळ्यांदेखत त्यांनी त्याला उचललं, तसंच ओलंचिंब, उघडंबोडकं. छातीशी धरलं. मग बोळातून गल्लीत, गल्लीतून तलावाकडे, भर वर्दळीत, तसेच चालत गेले. दाराची कडी लावायची राहिली होती आणि ती ओढून पाहायला ते परत आले नाहीत.