चिंचोक्यांचा ताळा

मी मुरबाडला एका पतपेढीत क्लार्क आहे. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही. एकदा दोन रुपये कमी भरत होते म्हणून मी बस सोडली होती, आणि दोन रुपये सापडल्यावर जीपला तीस रुपये देऊन घरी गेलो होतो. यात मला काही चुकीचं वाटलं नव्हतं. बायकोला वाटलं होतं.

रविवारी मी रमी खेळतो. सकाळी विहारात वंदना झाली की पांढऱ्या शर्टातच धसईला जातो. पंचशीलात पत्त्यांबद्दल काही म्हटलेलं नाही, हे मी एकदा नीट वाचून पाहिलं आहे. धसईच्या बाजारामागे मास्तरांचं घर आहे, त्यांच्या पडवीत आमची बैठक बसते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडे बसच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. हे मास्तर निवृत्त होईपर्यंत लाल गाडीवर होते आणि त्यांची कॅश एकदाही कमी-जास्त भरली नाही, असं डेपोतले लोक अजून सांगतात. मला त्यांच्याबद्दल पहिल्यापासून आदर होता तो यामुळेच.

उरलेले दोघे म्हणजे वैशाखऱ्याचा एक जीपवाला आणि धसईचाच एक भेंडी लावणारा शेतकरी. जीपवाल्याला आपण रमीत हुशार आहोत असं वाटतं. शेतकऱ्याला तसं काही वाटत नाही, पण तो डाव जिंकला की गालातल्या गालात हसतो आणि मग दिवसभर हसतच राहतो.

पैसे आम्ही मध्ये ठेवत नाही. मास्तरांच्या सुनेने कधीकाळी आणलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिंचोके आहेत. बसताना प्रत्येकाने मास्तरांना शंभर रुपये द्यायचे आणि पन्नास चिंचोके घ्यायचे. मास्तर स्वतःही पन्नास घेतात. चिंचोका दोन रुपयांना. साडेचारला खेळ उठला की मास्तर आम्हा तिघांचे ढीग मोजतात आणि तेवढे पैसे परत देतात. पाच-पाच चिंचोके बोटाने ओढून मोजायची त्यांची पद्धत आहे. इतकी झरझर, की आपण दोन म्हणेपर्यंत त्यांचे वीस झालेले असतात. स्वतःचे ते मोजत नाहीत. "माजे काय, डब्यातलेच हायत," म्हणतात आणि हाताने डब्यात लोटतात.

मास्तरांची बायको वारली त्याला सहा वर्षं झाली. मुलगा-सून परराज्यात असतात. मुलगी बदलापूरला आहे, आणि ती दर महिन्याला येऊन एकच गोष्ट सांगते, की बाबा, एकट्याने इथे राहू नका, माझ्याकडे चला. मास्तरांचं उत्तरही एकच असतं: "रविवारी मानसं येतात गो माजी. त्यांना काय सांगू?" मुलगी मग एकटीच परत जाते, कारण माणसं खरोखरच येतात. म्हणजे आम्ही.

तर असं बरं चाललं होतं. मग बायकोने विचारलं.

तिने विचारलं ते बरोबरच होतं. मी तिला कोथिंबिरीच्या जुडीचे दहा का पंधरा असं विचारत होतो. ती म्हणाली, "मला जुडीचा हिशोब मागता. रविवारचं कधी सांगितलंत? जिंकता का हरता?"

मी म्हणालो, "बरोबरीत असतो."

"लिवलंय कुठं?"

लिहिलं नव्हतं. पतपेढीतला माणूस असून लिहिलं नव्हतं, हे मला लागलं.

त्याच सुमाराला पुण्याचा भाचा आला होता. तो मित्रांबरोबर पोकर खेळतो. पोकर मला कळत नाही, पण त्याच्या मोबाइलात प्रत्येक बैठकीचा हिशोब होता. किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो, किती तास, सगळं. मी अर्धा तास ते वर-खाली करून पाहिलं. फार सुंदर होतं. भाचा म्हणाला, "मामा, हौशी माणसाने लिहिलंच पाहिजे. न लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपण बरोबरीत आहोत असंच वाटतं. जिंकलेलं लक्षात राहतं, हरलेलं नाही."

मी शंभर पानी वही आणली आणि रेघा मारल्या.

वर्षभर लिहिलं. वर्षाच्या शेवटी बेरीज केली तर मी बारा रुपयांनी वर होतो. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "वर्षभर बसून बारा रुपये? त्यापरीस झोपला असता." पण तिचा राग गेला होता. मला मात्र आनंद झाला नाही. भाचा म्हणाला होता की सगळ्यांना बरोबरीत आहोत असं वाटतं. मी खरंच बरोबरीत होतो. हे मला संशयास्पद वाटलं.

मग मी इतर दोघांचेही आकडे लिहायला लागलो. मास्तर मोठ्यानेच सांगत, त्यामुळे विचारायची गरज नव्हती. चार-पाच महिन्यांनी तेही दोघे थोडे वर निघाले. जीपवाला तर ऐंशी रुपयांनी वर. आता चार जणांच्या खेळात तिघे वर असतील तर चौथा खाली असणार, हे सांगायला क्लार्क लागत नाही. पण मास्तर आमच्यातले सगळ्यात चांगले खेळणारे. पान पडलं की त्यांना आपल्या हातातलं कळतं. मी कितीतरी वेळा एक पान येण्याची वाट बघत बसलेलो असताना ते पान मास्तरांच्या हातात निघालेलं आहे.

एका रविवारी साडेचारला मास्तर चहा टाकायला आत गेले. मी पटकन त्यांचा ढीग मोजला. एकाहत्तर. मग स्वतःचे मोजले. अडतीस.

मास्तर बाहेर आले, चहा दिला, आणि माझ्या ढिगावर बोटं फिरवून म्हणाले, "शेहेचाळीस." जीपवाल्याला म्हणाले बावन्न, शेतकऱ्याला पंचावन्न. पैसे देऊन टाकले. स्वतःचे एकाहत्तर डब्यात लोटले.

घरी येऊन मी लिहिलं. शेहेचाळीस, बावन्न, पंचावन्न आणि एकाहत्तर. दोनशे चोवीस. घेतले होते दोनशे. म्हणजे चोवीस चिंचोके जास्त. ज्या माणसाची कॅश जन्मात चुकली नाही तो माणूस दर रविवारी चुकत होता, आणि प्रत्येक वेळी आमच्या बाजूने चुकत होता. दर रविवारी आमच्याकडून जिंकायचं आणि मोजताना आमचं आम्हाला परत करायचं. स्वतः जिंकून स्वतःच्या खिशात शून्य.

इथे एखाद्या शहाण्या माणसाने वही मिटून कपाटात ठेवली असती. मी पुढच्या रविवारी वही घेऊन धसईला गेलो.

मला काय वाटलं होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं होतं की माझं कौतुक होईल. पानं वाटायच्या आधी मी वही उघडली आणि म्हणालो, "मास्तर, तुमची मोजणी चुकतेय. ताळा बसत नाही." आणि सगळं वाचून दाखवलं.

मास्तरांनी हातातले पत्ते खाली ठेवले. "माजी मोजनी?" एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की आपण काय केलं, पण तोवर मी शेतकऱ्याच्या रकान्यापर्यंत आलो होतो आणि अर्धवट थांबणं मला जमत नाही.

जीपवाला लाल झाला. "म्हंजे इतकी वर्सं मी हरत व्हतो? आन हे मला भीक घालत व्हते?"

"भीक नाय रे," मास्तर म्हणाले.

"मग काय?"

मास्तर खाली ठेवलेले पत्ते गोळा करायला लागले. शेतकऱ्याचं हसू पहिल्यांदाच गेलेलं मी पाहिलं. जीपवाल्याने ठरवलं की यापुढे मोजणी क्लार्कने करायची. म्हणजे मी. मी ती नीट केली.

चार रविवार मी एकेक चिंचोका मोजला. चारही रविवार मास्तर जिंकले. मुद्दाम हरणं त्यांना जमत नसावं, किंवा आता सगळे त्यांच्या पानांकडे बघत होते म्हणून करता येत नसावं. आमचे वीस, तीस, एकदा बेचाळीस रुपये गेले. बेचाळीस रुपयांत काय येतं? दोन वडापाव आणि चहा. पण पाचव्या रविवारी शेतकरी म्हणाला भेंडीचा तोडा आहे. सहाव्याला जीपवाल्याला घाटाचं भाडं लागलं. सातव्याला मी आणि मास्तर दोघेच होतो. दोघांत आम्ही एक डाव खेळलो आणि पत्ते पिसून ठेवले.

"आदी पन एक बैठक व्हती माजी," मास्तर म्हणाले. "डेपोतली. तुमच्या आदी. तेव्हा मी जिंकायचो, मोजून घ्यायचो. एकेक करून सगळे गेले. कुनी भांडला नाय. येईनासे झाले, बस." मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "बायको जिती व्हती तेव्हा. म्हनून तेव्हा चाललं."

नवव्या रविवारी मी गेलो तेव्हा पडवीत खोकी होती. बदलापूरची मुलगी आली होती, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने माझ्याकडे पाहून चांगल्या मनाने विचारलं, "तुम्ही येणारे ना रविवारचे?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, बाबा पुढच्या सोमवारी येताहेत, घर भाड्याने देऊ. मास्तर आत होते. बाहेर आले नाहीत. चिंचोक्यांचा डबा खोक्यात नव्हता, रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवला होता. मला इतकी लाज वाटली की मी चहा न घेताच उठलो.

आता मी जे केलं ते पतपेढीतल्या कुणाला माहीत नाही.

सोमवारी मी तशीच शंभर पानी वही आणली. तीन दिवस डबा खायच्या सुट्टीत बसून मी पाच महिन्यांचे रविवार नव्याने लिहिले. कधी निळ्या पेनाने, कधी काळ्या. दोन ठिकाणी चहाचा डाग पाडला. मास्तरांचा रकाना नव्याने घातला, आणि दर रविवारची बेरीज दोनशे आणली. त्या एकाहत्तरच्या जागी सत्तेचाळीस लिहिले. शेहेचाळीस, बावन्न, पंचावन्न, सत्तेचाळीस, दोनशे. नोकरीत मी एवढी सुबक वही कधी लिहिलेली नाही आणि तिच्यात एक रकाना सोडला तर काही खोटं नव्हतं.

गुरुवारी वैशाखऱ्याला गेलो. जीपवाला गाडी धूत होता. मी म्हणालो, "माझा हिशोब चुकला होता."

त्याने पाइप खाली ठेवला. "तुजा?"

"मास्तरांचा ढीग घाईत मोजला. सत्तेचाळीसचे एकाहत्तर धरले. आणि त्यावरून बाकीचं सगळं रचलं. हे बघ, पहिल्यापासून मांडलंय. तू ऐंशी रुपयांनी वर आहेस."

त्याने ओल्या बोटाने पानं उलटली. बराच वेळ बघत राहिला. त्याला कळलं का? मला अजून सांगता येत नाही. शेवटी म्हणाला, "आन ते चार रविवार?"

"पानं वाईट आली."

"पानंच येत नव्हती," तो एकदम म्हणाला. "मी घरी पन बोललो, पानंच येत नाय." मग वही माझ्याकडे देत म्हणाला, "तू मोजायला लागला तेव्हापासून आली नाय. तू मोजू नको रे बाबा."

शेतकऱ्याकडे जीपवालाच निरोप घेऊन गेला. पतपेढीच्या क्लार्कला बेरीज येत नाही, ही बातमी शनिवारच्या आत धसईभर झाली. तिथल्या एका खातेदाराने पतपेढीत माझ्यासमोर नोटा तीनदा मोजून घेतल्या.

रविवारी आम्ही तिघेही साडेअकराला पडवीत हजर. मुलगी शेवटची खोकी बांधत होती. जीपवाल्याने एका खोक्यावर बसकण मारली आणि मास्तरांना म्हणाला, "मास्तर, हा गडी चुकला. हिशोबात कच्चा निघाला. डबा काडा."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा अंगठा बघत होतो. ते आत गेले आणि रद्दीवरचा डबा घेऊन आले. मुलगी हातात सुतळी घेऊन उभी होती. ती सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाली, "बाबा, उद्या..." आणि थांबली. मास्तर तिला म्हणाले, "मानसं आलीत गो. चहा टाक."

साडेचारला मोजणी झाली. मी ठरवलं होतं की स्वतःचे मोजायचे नाहीत. पण हात गेलाच. एकेचाळीस होते.

मास्तरांनी पाच-पाच ओढत जीपवाल्याचे मोजले. चोपन्न. त्याचा ढीग इतका लहान होता की मला दुसरीकडे बघावं लागलं. शेतकऱ्याचे एक्कावन्न. तो हसला. मग मास्तर माझ्या ढिगाशी आले. बोटं यावेळी झरझर चालली नाहीत. एकेक चिंचोका उचलून, मला दिसेल असा, त्यांनी डब्यात टाकला.

"एकेचाळीस," ते म्हणाले, आणि ब्याऐंशी रुपये माझ्या हातावर ठेवले.

मास्तर बदलापूरला गेले नाहीत, आणि तेव्हापासून दर रविवारी असंच चालतं. त्या दोघांना मोजून जास्त, मला मोजून बरोबर. खरी वही मी लिहितो. तिच्यात मी सारखा खाली जातो आहे. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, आकडे बघा ना, हा खेळ सोडा." मी म्हणालो बघतो.

एकेचाळीसच्या त्या रविवारी घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं आज?"

"अठरा रुपये हरलो," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग हसता कशाला?"