हात लबाड, पाय खरा

आमच्या गावाला गरम पाण्याचं कुंड आहे. देवळाच्या मागे, काळ्या दगडात बांधलेलं. त्यात पहिला पाय घालायचा मान आमच्या घराचा. शिमग्याची पालखी घरोघर फिरून परत आली की सगळे पुरुष अंघोळीला काठावर जमत. पण आमच्या घरचा कर्ता पाण्यात पाय घालून ‘घेतंय’ म्हणेपर्यंत कोणी अंगावरचा कपडा उतरवत नसे. घेतंय म्हणजे पाणी माणसाला घेतंय, उतरा. ‘फेकतंय’ म्हटलं की सगळे तसेच उभे. आजोबांनी घातला, वडिलांनी घातला, मग मी. हाताने बघायचं नाही ही ताकीद होती. वडील म्हणायचे, हात लबाड. चुलीपाशी वावरून त्याला आगीची सवय झालेली असते. पाय खरा.

मी चौथीपर्यंत शिकलो. हे मात्र मला येत होतं, आणि मला येतं ते मी दुसऱ्याला विचारायला जात नाही.

ओमानला गवंडी म्हणून आलो तो थेट रुस्ताकला. डोंगराखाली खजुराच्या बागा, आणि तिथेही गरम पाण्याचा झरा. उगमाशी पाणी एवढं कढत की वाफ दिसते. तिथून ते पाटांनी बागांकडे जातं आणि जाता जाता निवत जातं. पाटांच्या कडेला अंघोळीची जागा. शुक्रवारी सुट्टी, म्हणून आम्ही कोकणातली माणसं सकाळीच तिकडे. आम्ही हिंदू होतो, रत्नागिरीकडचे मुसलमानही होते. पहिल्या शुक्रवारी मी चपला काढल्या, पाय घातला आणि सवयीने ‘घेतंय’ म्हणालो. मागून एक सुतार हसला. खाडीपलीकडच्या गावचा, मुसलमान. आमच्या कुंडाची रीत त्याला ठाऊक होती. तो बाकीच्यांना म्हणाला, “थांबा रे. हा कुंडवाल्यांच्या घरचा आहे. ह्याचा पाय गेल्याशिवाय उतरायचं नाही.”

तेव्हापासून तिथेही तो मान माझा. माणसं आली, गेली, काही गावी जाऊन वारली. शेवटी आम्ही दोघंच उरलो. मी त्याला सुतार म्हणतो, तो मला मिस्त्री. त्याची रुस्ताकच्या बाजारामागे लाकडाची वखार आहे. मी आता शहरात, रुवीला मुलाकडे राहतो. मुलगा ऑफिसात आहे. सुट्टीला तो मला गाडीने झऱ्यावर सोडायचा आणि स्वतः गाडीत फोन बघत बसायचा.

गेल्या वर्षी पाणी थंड व्हायला लागलं.

आधी थोडं. पाय घातला की जो चटका पोटरीपर्यंत चढायचा तो घोट्याशीच थांबला. मग तोही गेला. मी पाटाने वर सरकत गेलो, उगमाकडे. दर खेपेला थोडा आणखी वर. तरी कोमटच. मला बरं वाटेना. आमचं कुंड एका साली असंच कोमट झालं होतं आणि त्याच वर्षी वरच्या वाडीवर दरड आली. जमिनीखालचं पाणी उगाच बदलत नाही. मी सुताराला म्हटलं, “झरा मरतोय. काहीतरी येणार आहे.”

तो पाण्यात गळ्यापर्यंत बसला होता. तोंड लालबुंद झालेलं. म्हणाला, “येणारच. तुझं वय किती?”

“थट्टा नको. पाणी निवतंय.”

“मला तर पुरे आहे बाबा.”

तिथे एक म्हातारा ओमानी रोज काठी टेकून बसलेला असतो. त्याला मी हातवारे करून सांगितलं की पाणी थंड होतंय. आधी तो हसला. मग माझ्या पायांकडे बघितलं आणि हसायचा थांबला. मला वाटलं, त्यालाही कळलंय, आपल्या गावाचं अशुभ म्हणून बोलत नाही.

घरी वेगळंच चाललं होतं. एका संध्याकाळी मी बाहेरून येऊन बसलो तर सूनबाई फरशीकडे बघत उभी. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत रक्ताचे ठिपके. चपलेच्या तळातून खिळा वर आला होता आणि मी त्याच्यावर बाजारभर फिरून आलो होतो.

“बाबा, तुम्हाला कळलं नाही?”

“गवंड्याचा पाय आहे. सगळा जन्म चुन्या-सिमेंटात गेलाय. खिळ्याने काय होतं त्याला?”

ती फडकं आणून पुसत राहिली. ते पुसणं मला आवडलं नाही. एखाद्याच्या मागे घर पुसावं तसं पुसत होती.

दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेलं. साखर मला आहे, पुष्कळ वर्षं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. डॉक्टर आपल्याकडचाच, तरुण. म्हणाला, “काका, डोळे मिटा. मी तळव्याला दोरा टेकवीन. लागला की हो म्हणायचं.” मी डोळे मिटले. तो वाकला की त्याची खुर्ची करकरायची. करकरली की मी हो म्हणायचो. असं बराच वेळ चाललं. मग खुर्ची करकरली, मी हो म्हणालो. डोळे उघडले तर तो दोरा हातात धरून नुसताच बसलेला, मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

डॉक्टर म्हणाला, “पाय मुके झालेत, काका. गरम पाण्यात घालू नका. भाजलं तर कळणार नाही, आणि जखम झाली तर भरणार नाही. मग पाय वाचवणं आमच्या हातात राहत नाही.”

गाडीत मुलगा समजुतीच्या सुरात लागला. कंपनीने त्याला मागे जपानला पाठवलं होतं. तिथेही म्हणे असे झरे, मोठमोठी सार्वजनिक न्हाणीघरं. लोक आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुतात, मग लाकडी बादलीने झऱ्याचं पाणी थोडं थोडं अंगावर घेऊन अदमास घेतात, आणि मगच उतरतात. “कोणी थेट पाय घालत नाही, बाबा.”

मी म्हटलं, “त्यांचे बाप वेगळे होते.”

पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दोरा मुळात बारीक. दोऱ्यावरून पाय मेला म्हणायचं? झरा आहे ना. झऱ्याच्या तोंडाशी, जिथे आजवर मीसुद्धा पाय घातला नव्हता, तिथे घालायचा. चटका बसला तर पाय माझा आहे आणि डॉक्टर खोटा. नाही बसला तर झरा मेला. तिसरी गोष्ट मी मनात येऊ दिली नाही.

शुक्रवारी मुलाला सांगितलं, सुताराला भेटायला जायचंय, पाण्याकडे बघणारसुद्धा नाही. त्याने मला वखारीपाशी सोडलं आणि बाजारात गेला. मी सुताराला उठवलं, “चल.” तो निमूट आला.

झऱ्यावर माणूस नव्हता. थंडीच्या दिवसांत तिथे गर्दी असते, पण त्या दिवशी पाखरूही बोलत नव्हतं. म्हातारा ओमानी तेवढा आपल्या जागेवर. मी उगमापाशी गेलो, कठड्याच्या कडेने खाली उतरलो, चपला काढल्या. पाण्यावर वाफ होती. वाफ दिसत होती आणि मी ती बघत होतो, हे मी आज सांगतो. डावा पाय घातला.

काही नाही.

भिजल्याचंही कळलं नाही. ओल घोट्याच्या वर लागली तेव्हा पाणी आहे हे समजलं. मी पाय तसाच ठेवला. मागे सुतार उभा होता, नेहमीसारखा, माझ्या शब्दाची वाट बघत. मी म्हटलं, “घेतंय.”

तो पुढे आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो वाकला आणि त्याने हात घालून बघितला. घातला तसा झटकन मागे घेतला.

“मिस्त्री, पाय काढ.”

“थंड आहे.”

“काढ म्हणतो ना.”

म्हातारा काठी टाकून उठला होता. “हार! वाजिद हार!” म्हणजे गरम आहे, फार गरम आहे. तो ओरडतच होता.

मी म्हटलं, “तुम्ही दोघे नाजूक झालात.”

सुताराने माझं मनगट धरलं आणि माझाच हात पाण्यात बुडवला.

हाताला आग लागली. मी ओरडलो. हात लबाड, असं तोंडाशी आलं होतं, पण बोलवेना. खाली बघितलं तर पाय तिथेच होता, पाण्यात, निवांत. कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. मला तो उचलायचा हुकूम द्यावा लागला.

घोट्यापर्यंत लाल झाला होता, लाल मोजा घातल्यासारखा. दुखत काहीच नव्हतं. आयुष्यात मी बांधकामाच्या पाडावरून पडलोय, माझ्या पाठीवर विटा पडल्यात, पण न दुखण्याची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. सुताराने मला धरून पाटाच्या खालच्या बाजूला नेलं, निवलेल्या पाण्यात पाय सोडला आणि मुलाला फोन लावला. म्हातारा आमच्या मागे माझ्या चपला घेऊन आला.

संध्याकाळी कातडी सुटली, दुधावरची साय सुटावी तशी. ही गोष्ट महिन्याभरापूर्वीची. जखम भरत नाहीये. करंगळी आधी निळी झाली, आता काळी आहे. उद्या सकाळी ती काढणार आहेत. मी डॉक्टरला विचारलं, “तेवढीच ना?” तो म्हणाला, “तेवढी काढू. मग बघू.” ‘मग बघू’ मीही आयुष्यभर म्हणत आलोय, भिंतीला तडा गेला की घरमालकाला. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

आज दुपारी सुतार भेटायला आला. खजूर घेऊन आला, आणि सूनबाईने ते उचलून ठेवले म्हणून स्वतःच दोन तोंडात टाकले. चहात साखर मागून घेतली. तो नेहमीच तशी घेतो.

मी विचारलं, “झऱ्यावर जातोस?”

“जातो. एकटाच.”

“पहिला पाय कोण घालतं?”

“आता मीच. तुझी रीत मोडायची नाही.”

मी त्याच्या पायांकडे बघितलं. मी त्याला मोजे काढायला लावले. “काय करतोस म्हाताऱ्या,” म्हणत त्याने काढले आणि पाय माझ्या खाटेवर ठेवला. डोळे मिटायला सांगितले. सूनबाईच्या केरसुणीतली एक हीर मागून घेतली.

“लागली की सांग.”

“सांगतो की. माझा पाय अजून जिता आहे.”

मी पुढे वाकलो. माझ्या वजनाने खाट करकरली.

“लागली,” सुतार म्हणाला.

हीर माझ्या हातात होती. मी ती अजून टेकवली नव्हती.