जन्मघरचं दुखणं

पेठ वडगावात विरूपाक्ष आप्पांचं कापडाचं दुकान होतं. काठाला कात्रीची चीर देऊन ते मांजरपाट टर्रकन फाडत. २००३ च्या दिवाळीत कापड फाटेना.

"शेट, जेवला न्हाईसा काय?" गिऱ्हाईक हसलं. आप्पाही हसले. पुढं कात्रीच हातातून पडू लागली.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मरत चालल्या होत्या आणि औषधानं त्या परत येणार नव्हत्या.

"घरात आधी कुणाला होतं?"

"न्हाय. कुणालाच न्हाय."

"मग मुलीच्या काळजीचं फारसं कारण नाही. बहुतेकांना हा वारशानं येत नाही."

सौंदर्या, त्यांची एकुलती एक मुलगी, शेजारीच होती. तिनं श्वास सोडला. महिन्यावर तिचं संगमेशशी लग्न आलं होतं.

एसटीत शांतादेवी आप्पांच्या शेजारी बसल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अवं, गडहिंग्लजच्या मामंजींचे हात?"

"त्यांचं हितं काय?"

"शेवटी घास भरवायला लागायचा की त्यांना."

"सात वर्साचा असताना दत्तक आलोय मी. त्या घरचं नाव सोडलं, जमीन सोडली. त्यांच्या मातीला पावण्यांत उभा होतो. दुखणं तेवढं माझं कसं?"

आप्पा डॉक्टरांशी खोटं बोलले नव्हते. त्यांचं घर म्हणजे वडगावचंच. पुढच्या बाकावरून सौंदर्या वळली. या आजोबांबद्दल तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

"आप्पा, परत जाऊया डॉक्टरांकडं."

"लगीन होऊ दे."

"न्हाय, आधी. संगमेशला काय सांगू मी?"

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "हा दोष वारशाचा असेल, तर तो मुलीकडं आला असण्याची शक्यता निम्मी. आला तरी आजार होईलच असंही नाही. रक्ताची तपासणी बाहेरगावी होते, पण प्रत्येक वेळी दोष सापडतोच असं नाही."

"निम्मी म्हंजे? व्हय का न्हाय?" आप्पांनी विचारलं. डॉक्टरांनी तेच पुन्हा सांगितलं, सावकाश.

कुटुंबाची माहिती भरायला कागद मिळाला. आप्पांच्या बोटांत पेन राहीना, म्हणून सौंदर्यानं घेतलं.

"वडिलांचं नाव. कुठलं लिहू?"

"दोन्ही लिही."

"दुसरं मला ठाऊक न्हाय, आप्पा."

"श्रीशैल," ते म्हणाले, आणि दारात कुणी आलं की काय तसे तिकडं बघू लागले.

तिनं लिहिलं. खालची ओळ मुलांची होती. तिथं तिनं स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याखालची नातवंडांची रिकामी ओळ बघून पेन तसंच हातात धरलं.